आईच्या रोजच्या कष्टांची कदर नेमकी कशी करावी?

डिचोलीचा मुलगा (प्रश्न):

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातला. नोकरीमुळे गेली अकरा वर्षे पणजीत राहतो. गावच्या घरी सहासष्ट वर्षांची आई एकटीच असते; वडिलांना जाऊन चार वर्षे झाली. तिला पणजीला आणण्याचा प्रयत्न आम्ही अनेकदा केला, पण तुळशीपुढचा दिवा आणि परसातली भिरंडाची, म्हणजे कोकमाची झाडे सोडून ती दोन दिवसांहून अधिक राहत नाही, म्हणून मी, पत्नी आणि मुलगी दर शनिवारी गावी जातो आणि रविवारी संध्याकाळी परततो.

गेल्या महिन्यात फळीवरून सोलांची (आमसुलांची) बरणी उतरवताना तिच्या मागे गुडघ्याच्या गोळ्यांचे पाकीट हाती लागले. डॉक्टरांनी रोज एक गोळी सांगितली होती, मी महिन्याच्या तीस गोळ्या आणून दिल्या होत्या आणि महिना उलटून गेला तरी पाकिटात सतरा गोळ्या शिल्लक होत्या. विचारले तेव्हा आई म्हणाली, "फार दुखते त्या दिवशी घेते. उगाच रोज घेऊन कशाला संपवायच्या?" तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. साखर संपत आली की चहात अर्धा चमचा कमी घालावी, इतक्या सहजपणे तिने ते सांगितले.

त्या दिवसापासून मला मागच्या कितीतरी गोष्टी वेगळ्या दिसू लागल्या आहेत. वडिलांचा कर्जावर घेतलेला ट्रक खाणीवर चालायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातले खाणकाम थांबले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला स्थगिती दिली आणि ट्रक दारात उभा राहिला. हप्ते मात्र थांबले नाहीत. मी तेव्हा अभियांत्रिकीला होतो. सुट्टीत घरी आलो तेव्हा आईच्या हातात सोन्याच्या पाटल्या दिसल्या नाहीत, फक्त काचेच्या बांगड्या होत्या. "बँकेत ठेवल्यात," असे ती म्हणाली आणि मी ते खरे मानले. त्याच काळात तिने सोलां, पापड आणि मिरच्या करून विकायला सुरुवात केली. शुक्रवारी पहाटे टोपली घेऊन ती कदंबाच्या बसने म्हापशाच्या बाजाराला जायची. गृहिणींना दरमहा मदत देणारी राज्याची गृह आधार योजना त्याच वर्षी सुरू झाली होती. त्यातून तेव्हा मिळणारे दरमहा १,००० रुपये माझ्या मेसच्या बिलात जात होते, हे मला गेल्या आठवड्यात जुने पासबुक चाळताना कळले. पाटल्या कधी मोडल्या, किती रुपयांना मोडल्या, हे आजही मला ठाऊक नाही. बाजारातून परत येताना ती रिकाम्या टोपलीत माझ्यासाठी काहीतरी आणायची, एवढेच मला आठवते.

सोलांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण मे महिना म्हटला की मला आईचे हात आठवतात. भिरंडे फोडायची, बिया आणि गर काढून साली उन्हात घालायच्या, मीठ घातलेल्या रसात त्या पुन्हा भिजवायच्या आणि पुन्हा वाळवायच्या. पहिला पाऊस येण्याआधी हे सारे आटोपले पाहिजे म्हणून तिचा डोळा सतत आभाळाकडे असतो. त्या दिवसांत तिच्या बोटांच्या टोकांना आणि नखांच्या कडांना जांभळट काळा रंग चढतो आणि तो चतुर्थीच्या सुमारास कुठे जातो. लहानपणी शाळेच्या कार्यक्रमाला ती यायची तेव्हा ते हात मला लपवावेसे वाटायचे. हे लिहितानाही मला शरम वाटते आहे.

मी तिच्यासाठी काही केले नाही असे नाही. मिक्सर आणला, कपडे धुण्याचे यंत्र आणले, दर दिवाळीला साडी आणतो. यंत्रावर झाकण घालून तिने वर फुलदाणी ठेवली आहे आणि तीन साड्या अजून पिशवीतून बाहेर निघालेल्या नाहीत, त्या कुणाच्या तरी लग्नात द्यायला होतील म्हणून. मातृदिनाला मी तिचा फोटो लावतो, चार ओळी लिहितो, लोकांची मने भरून येतात, आणि त्याच दिवशी ती दुपारी तीनला आमच्या मागून एकटी जेवते.

माझा प्रश्न एवढाच आहे की आईच्या रोजच्या मायेची आणि झिजण्याची कदर करायची म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? आपल्या घरी तुम्ही काय केले आणि त्यातले काय तिच्यापर्यंत खरोखर पोचले, ते कृपया सविस्तर लिहावे.

फोंड्याची लेक:

आपला प्रश्न वाचून मला माझे दोन वर्षांपूर्वीचे पंधरा दिवस आठवले. आईच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. खाली वाकायचे नाही, धुरापाशी जायचे नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचे नाही, अशी ताकीद होती, म्हणून मी रजा काढून माहेरी राहिले आणि तिची सगळी कामे माझ्याकडे घेतली. स्वयंपाक मला येतो, घर आवरता येते, त्यामुळे यात अवघड काय, असे वाटले होते.

मला अडचण आली ती कामे लक्षात ठेवण्यात. उकड्या तांदळाची पेज साडेदहाला बाबांच्या पुढ्यात हवी तर तांदूळ केव्हा वैरायचे, रात्री हुमण (माशांची आमटी) करायचे तर नारळ केव्हा सोलायचा, आदोळीवर (विळीवर) बसून खवायचा केव्हा, गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरेल, शेजारच्या काकींचे भांडे परत करताना त्यात काय घालून द्यायचे, बाबांची रक्तदाबाची गोळी जेवणाआधी की नंतर, हे सारे तिच्या डोक्यात होते आणि कुठेही लिहिलेले नव्हते. खाटेवर डोळ्याला पट्टी लावून पडल्या पडल्या ती मला एकेक सांगत होती. तिसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले. पंधराव्या दिवशी त्या वहीत एकशे दहाहून अधिक नोंदी होत्या. मी सदतीस वर्षांची होते आणि त्यांतल्या निम्म्याअधिक गोष्टी कुणीतरी करत असते म्हणून होतात, हे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि तेच काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुलांची आणि आजारी माणसांची देखभाल त्यात धरलेली नाही, ती निराळी मोजली आहे. आईला मी हा आकडा सांगितला तेव्हा तिने विचारले, "आणि रात्री झोप लागेपर्यंत उद्याचे ठरवत असते, ते कशात धरलेय?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून मी आणि भावाने एक ठरवले आहे. आईला 'मदत' करायची नाही. एकेक काम मुळापासून आपल्याकडे घ्यायचे, म्हणजे त्याची आठवणही आपणच ठेवायची. बाबांची औषधे, सिलिंडर, विजेचे बिल आणि पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी भावाकडे आहे. पावसाळ्याआधी सुके बांगडे, मिरची, चिंच, कडधान्य किती लागते, हे त्याने पहिल्या वर्षी तिच्याकडून लिहून घेतले आणि दुसऱ्या वर्षी तिला न विचारता सगळे आणले. मिरची थोडी कमी पडली. पण त्या मे महिन्यात दुपारी आई झोपलेली मी पहिल्यांदा पाहिली. आपण गोळ्यांपासून सुरुवात करावी असे मला वाटते: रोज रात्री ठरलेल्या वेळी फोन करून, ती गोळी घेईपर्यंत फोनवर राहावे. बोलायला काही नसले तरी चालते.

मडगावचा वकील:

वरच्या दोघांचे लिखाण मनापासून आवडले. माझा विषय रूक्ष आहे, तरी तो इथे मांडणे मला अत्यंत आवश्यक वाटते.

आपल्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली विवाहाची पद्धत अशी आहे की लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि पत्नी तिच्या निम्म्या भागाची मालकीण असते. म्हणूनच घर किंवा जमीन विकताना आपल्याकडे दोघांच्याही सह्या लागतात. पती वारला तर निम्मा हिस्सा तिला वारसाहक्काने मिळत नाही, तो आधीपासून तिचाच असतो. उरलेल्या निम्म्याची वाटणी वारसांत होते. वारसाच्या बाबतीत आता २०१२ चा गोव्याचा स्वतंत्र कायदा २०१६ पासून लागू आहे, पण निम्म्या हिश्श्याचे हे तत्त्व कायम आहे. घर सांभाळणाऱ्या बाईने एक रुपयाही कमावून आणला नसेल तरी हे घर तिच्या श्रमावर उभे आहे, ही गोष्ट आपल्या कायद्याने फार पूर्वीच मान्य केलेली आहे आणि गोमंतकीय म्हणून मला तिचा अभिमान वाटतो.

दुःख याचे आहे की व्यवहारात आपण ती परत घेतो. सव्वीस वर्षांच्या वकिलीत मी हे दृश्य किती वेळा पाहिले, त्याची गणती नाही. वडील जातात, वर्षभरात मुले इन्व्हेंटरीच्या (वारसांत मालमत्ता वाटण्याच्या) किंवा हक्कसोडीच्या कामासाठी कार्यालयात येतात, सोबत आई असते. दस्त इंग्रजीत असतो. मुलगा बोट ठेवून दाखवतो, "आई, इथे सही कर." ती मायेने माझ्याकडे पाहून हसते आणि सही करते, कधी अंगठा लावते. मी थांबवून मराठीत वाचून दाखवू लागलो की ती म्हणते, "मुलांचेच आहे ना सगळे, मला काय करायचेय?" तिचे ते बोलणे खरेच असते. परंतु पाच वर्षांनी तीच बाई या मुलाकडून त्या मुलाकडे पिशवी घेऊन फिरताना दिसते, तेव्हा आयुष्यभर तिने जे दिले त्यावर आपण एक शेवटचा त्याग मागून घेतला, असे माझ्या मनात येते.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या निकालात गृहिणीच्या कामाचे मोल धरलेच पाहिजे, असे स्पष्ट केले आणि त्यासाठी आधीच्या, म्हणजे २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातल्या २९९ आणि ९७ मिनिटांचा आधार घेतला. हे मोल ठरवण्याची वेळ मात्र ती बाई गेल्यानंतर आली. ती आहे तोवर आपल्याला ते करता येते.

डिचोलीच्या मित्राला माझी विनंती अशी की, वडिलांच्या पश्चात घराचे कागद झाले असतील तर ते काढून पाहावेत, त्यात आईचा निम्मा हिस्सा शाबूत आहे का हे तपासावे आणि तिच्या नावावर काय आहे ते तिला बसवून, तिच्या भाषेत वाचून दाखवावे. तिच्या खात्याचे पासबुकही तिच्याजवळच असू द्यावे.

पेडण्याहून:

मातृदिनाचा उल्लेख आला म्हणून एक लहानसे निरीक्षण नोंदवते. मे महिन्यातला दिवस बाहेरून आला, परंतु आपला मातृदिन श्रावण अमावास्येला, पिठोरीला असतो. माझी आई तो दिवस दरवर्षी पाळायची. दिवसभर उपाशी राहून, संध्याकाळी खीरपुरीचे वाण डोक्यावर धरून ती पाठमोरी विचारायची, "अतीत कोण?" आणि मागे उभी असलेली आम्ही भावंडे "मी आहे" म्हणत वाण घ्यायचो. मुलांना आयुष्य मिळावे म्हणून केलेले हे व्रत. आपल्या परंपरेतला आईचा दिवसही आईच्या उपवासाचा असतो, हे ती गेल्यावर एके दिवशी एकदम लक्षात आले आणि मी बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले. आता त्या दिवशी मी माझ्या सासूबाईंना सकाळी पहिली पेज वाढते आणि त्यांच्यासोबत बसून जेवते. पहिल्या वर्षी त्यांना अवघडल्यासारखे झाले होते.

साखळीची एक आई:

माझ्या सुनेने ही चर्चा मला दाखवली. मी एकसष्ट वर्षांची आहे, प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. डिचोलीच्या मुला, तुझे लिहिणे वाचून डोळ्यांत पाणी आले, म्हणून तुझ्या आईच्या बाजूने दोन गोष्टी लिहिते.

पुता, तिने गोळ्या पुरवून पुरवून घेतल्या त्याचे कारण नुसते पैसे नाही. सगळ्यांना पुरले पाहिजे आणि आपण मागाहून घ्यायचे, ही सवय आम्हांला आमच्या आयांकडून लागली. माशाचे मधले तुकडे ताटांत गेले की आमच्या वाट्याला शेपटी आणि डोके यायचे, आणि मला डोकेच आवडते असे आम्ही इतक्या वेळा म्हटले की घरात ते सगळ्यांना खरे वाटू लागले. या सवयीचे परिणाम अंगावर निघतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, पण सगळ्यांत शेवटी आणि उरलेसुरले जेवण्याची रीत त्यात नाही, असे मला कुणी सांगू नये. माझे स्वतःचे हिमोग्लोबिन दुसऱ्या बाळंतपणात इतके खाली गेले होते की मला रक्त द्यावे लागले, आणि तेव्हाही घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी चुलीपाशी होते. मला कुणी जा म्हटले नव्हते. बस, असेही म्हटले नव्हते.

दुसरी गोष्ट जरा कठीण आहे. तुम्ही मुले आमची स्तुती करता, त्यागमूर्ती म्हणता, त्याने बरे वाटते, खोटे का बोलू? पण त्या शब्दाने आम्ही बांधल्या जातो. एकदा त्यागमूर्ती झाल्यावर "आज मला कंटाळा आला आहे, मी भात लावणार नाही" असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? म्हणून तुझ्या आईची थोरवी सांगण्याआधी तिला काय हवे ते विचार. एकदा विचारून ती सांगणार नाही. "मला काय हवे असणार?" असेच म्हणेल. चार-पाच शनिवार विचारत राहा.

माझे सांगते. लग्नाआधी मी आमच्या वाड्यावर धालोला गायची. पौषातल्या चांदण्या रात्री मांडावर, म्हणजे वाड्यावरच्या ठरलेल्या अंगणात, बायकांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या राहायच्या, गाण्याची सुरुवात मी करायची आणि बाकीच्या मागून उचलायच्या. सासरच्या वाड्यावरही धालो होते. परंतु रात्रीचे जेवण वाढून, भांडी घासून, मुलाला निजवून निघेपर्यंत मांड अर्धा झालेला असायचा; मग जाणे सुटले. तेवीस वर्षे मी गेले नाही आणि मला गाता येते हे माझ्या मुलाला ठाऊक नव्हते. दोन वर्षांपूर्वी सुनेने विचारून विचारून ते माझ्याकडून काढून घेतले. त्या पौषात पाच रात्री तिने आणि मुलाने मिळून स्वयंपाक केला, नातवाला निजवले आणि मला संध्याकाळी सातलाच घराबाहेर काढले. पहिल्या रात्री दुसऱ्याच कडव्याला मी विसरले. शेजारच्या म्हातारीने आठवण करून दिली आणि मग सगळी गाणी एकामागून एक येत गेली.

फोंड्याच्या मुलीचे म्हणणे खरे आहे, कामे मुळापासून घ्या. तेवढे एक सांभाळा की सगळेच हातातून काढून तिला खुर्चीत बसवू नका. चतुर्थीची माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) कशी बांधायची, खतखत्यात कोणती भाजी कधी घालायची, हे तिच्याकडून शिकून घ्या. आपल्याला येते ते कुणाला तरी हवे आहे, हे कळले की बाईला फार बळ येते.

डिचोलीचा मुलगा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगण्यासारखे काही हाती येण्याची मी वाट पाहत होतो.

घराचे कागद पाहिले. आईचा हिस्सा शाबूत आहे. तिला समोर बसवून वाचून दाखवले तेव्हा तिने मध्येच थांबवून स्वतःच्या नावाची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग तिने तो कागद माझ्या हातून घेतला आणि मराठीत लिहिलेला एक शिक्का स्वतः अक्षर लावून वाचला. तिला वाचता येते हे मला माहीत होते, पण ती कुठे शिकली हे मी कधी विचारले नव्हते. गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्या एका शाळेत ती चौथीपर्यंत गेली. चौथीत तिचा दुसरा नंबर आला होता. पाचवीची शाळा लांब होती आणि घरी दोन धाकटी भावंडे होती, म्हणून तिला काढले. पहिला नंबर आलेल्या मुलीचे नाव आजही तिच्या लक्षात आहे आणि ती मुलगी पुढे परिचारिका झाली, हे सांगताना ती खिडकीबाहेर पाहत होती. माझ्या मुलीने जाऊन आपले चौथीचे मराठीचे पुस्तक तिला आणून दिले. आता रविवारी दुपारी दोघी वाचत बसतात.

पाटल्यांविषयीही विचारले. किती रुपयांना मोडल्या ते तिने सांगितले नाही. "तू इंजिनेर झालास ना?" एवढेच म्हणाली, आणि मी पुढे विचारले नाही.

गोळ्यांसाठी रोज रात्री साडेआठला फोन करतो. पहिले चार दिवस ती "घेतली, घेतली" म्हणून ठेवून द्यायची. साखळीच्या काकींनी लिहिलेले मी तिला मागच्या शनिवारी मोठ्याने वाचून दाखवले होते. धालोचे आले तेव्हा तिच्या हातातले सोलां निवडणे थांबले, पण ती काही बोलली नाही. काल रात्री फोनवर पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला आणि तिने स्वतःहून विचारले, "पौषाला अजून किती महिने आहेत रे? तोवर एवढा गुडघा वाकायला हवा."